मिनिटाला तीन थेंब

भाऊजी,

कावळा इतक्या लवकर पाठवायची काय गरज होती?

परवा तुमचा दहावा झाला. किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपलीकडे भटजींनी पिंड ठेवला आणि ते बाजूला सरकले. आम्ही बायका झाडांखाली उभ्या. मी मनाशी सगळं जुळवून आले होते. कावळा शिवणार नाही हे मी धरूनच चालले होते. मग नेहमीसारखं एकेक जण पुढे होईल, हात जोडून म्हणेल, तुमच्या मंजुळाला अंतर देणार नाही, पोरीचं लग्न आम्ही करू, आणि तरी कावळा लांबच बसेल. शेवटी मी पुढे होईन आणि सतरा वर्षं घशात अडकलेलं एक वाक्य सगळ्या गावासमोर बोलून टाकीन. मग कावळा शिवेल. असा बेत होता. मी पदरसुद्धा खोचला होता.

आणि तुम्ही काय केलंत? भटजी दहा पावलं गेले नसतील, तोच एक कावळा उतरला, इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही, घास उचलला आणि गेला. सगळे म्हणाले, "सुखी माणूस. मनात काही राहिलं नव्हतं." अर्ध्या तासात सगळे घरी. मी खोचलेला पदर सोडला आणि सगळ्यांच्या मागून चालत आले.

तुमच्या मनात काही राहिलं नव्हतं, ठीक आहे. माझ्या राहिलं आहे त्याचं काय करू? तेव्हापासून एका जागी बसवत नाही. भात चुलीवर ठेवते आणि विहिरीवर जाते, विहिरीवरून येते तो भात लागलेला. नातवंडं म्हणतात, आजीला मुंग्या चावतात. म्हणून वही घेऊन बसले आहे. तुम्ही आता मध्ये बोलू शकत नाही, तेवढा एक फायदा.

त्या यंत्राची गोष्ट मी आजवर गावाला शंभरदा सांगितली. लोकांना हसवलं. पण दर वेळी मधला एक तुकडा गाळून सांगितली. आज तो घालून सांगते.

इंग्रज गेल्यावर आपल्या गावाशेजारच्या बंगल्यातली मडमही गेली. 'हे' तिथे माळी होते, तुमचे थोरले भाऊ. जाताना मडमेने ह्यांना दोन कुंड्या, एक आरामखुर्ची आणि ते कपडे धुण्याचं यंत्र दिलं. बैलगाडीतून घरी आलं तेव्हा गावाला वाटलं साहेबाची तोफ आली. चार पायांवर उभं पांढरं पिंप, पिंपाच्या आत मधोमध ताकाच्या रवीसारखा दांडा, वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ, आणि खाली पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन. पायाने दणका दिला की सुरू व्हायचं. गावात वीज कुठली तेव्हा. धूर बाहेर सोडायला एक लांब लोखंडी नळी होती, ती मी पडवीच्या खिडकीतून बाहेर काढली आणि शेजारणीच्या अबोलीवर सोडली. चुकून नाही, भाऊजी. आता खोटं बोलून काय मिळणार.

यंत्रातून तेल गळायचं. म्हणून तर मडमेने ते दिलं, नाहीतर कोण देतं. इंजिनाकडून येणारा दांडा दातेरी चाकांच्या डब्यात जिथे शिरतो, तिथून काळं तेल झिरपायचं, पट्ट्यावर यायचं आणि पट्टा ते कपड्यांवर फवारायचा. पहिल्या धुण्यात ह्यांचं पांढरं धोतर चित्त्यासारखं बाहेर आलं.

तेव्हाची मी तुम्हाला आठवते का? अठ्ठावीस वर्षांची, मराठी सातवी पास, म्हणजे पृथ्वीवरचं सगळं कळलेली. त्या बयेला वाटलं, गळतंय तर बुजवायचं, त्यात काय. तिने आधी कणीक लावली. कणीक उंदरांनी खाल्ली. मग तिने फणसाचा चीक काढला. फुटलेलं मडकं चिकाने सांधतो, मग यंत्र का नाही? चांगला वाटीभर चीक त्या दांड्याभोवती थापला. वर डब्यातलं तेल कमी झालं म्हणून खोबरेल ओतलं. घरचं, घाण्याचं, स्वच्छ. माघाची थंडी पडली आणि खोबरेल आत गोठलं. दणका मारला तर पाय गुडघ्यापर्यंत झणझणला, यंत्र ढिम्म. बऱ्याच वेळाने सुरू झालं तेव्हा घरभर वास सुटला, कोणीतरी नारळाच्या वड्या जाळल्यासारखा.

मग तुम्ही आलात. तेव्हा रेवसच्या लाँचवर इंजिनाला तेलपाणी करायचात, पंधरा दिवसांनी एकदा घरी. यंत्राखाली आडवे झालात, बोटाला चीक लागला, तो वास घेतलात आणि बाहेर डोकं काढून विचारलंत,

"वहिनी, ह्याला फोडणी कुणी दिली?"

"तुमच्या भावाने," मी म्हणाले.

"दादा फणसाला हात लावत नाय. त्याला खाज येते."

तुम्ही दोन दिवस तो चीक खरवडत होतात, खापरीने, रॉकेलने, नखांनी. एकदाही रागावला नाहीत. मी चहा आणून ठेवायची आणि तुम्ही खालूनच सांगायचात, हे इथे असं आहे, ते तिथे तसं आहे. मला आयुष्यात कोणी काही उलगडून दाखवलं असेल तर ते त्या दोन दिवसांत, यंत्राखालून, तुमच्या पायांनी. मला तुमचे पायच दिसत होते ना. समजावताना अंगठा हलायचा.

लाँचमध्ये पंख्याचा दांडा तळातून बाहेर समुद्रात जातो, तिथे चरबीत भिजवलेली सुताची दोरी गुंडाळतात आणि वरून मोठ्या नटाने दाबतात. तुम्ही यंत्राला तेच केलंत. रेवसहून दोरी आणलीत, ओठांत दाभण धरून वेढे घातलेत, नट बसवलात. सुरू केलंत. फवारा बंद. ह्यांचं धोतर पांढरंच्या पांढरं बाहेर आलं. मी टाळ्या वाजवल्या.

आणि तेवढ्यात खाली टप् झालं.

मी वाकून बघितलं. थोड्या वेळाने आणखी एक.

"भाऊजी, गळतंय."

"गळत नाय. थेंब पडतो."

"मग वेगळं काय झालं?"

"मिनिटाला तीन थेंब पडले पायजेत, वहिनी. त्या थेंबावर दांडा गार राहतो. नट आवळून थेंब बंद केला तर दोरी सुकते, जळते, आणि दांडा धरते. लाँचमध्ये आम्ही थेंब मोजत बसतो. पडायचा थांबला की घाबरायचं."

असं म्हणून तुम्ही स्वयंपाकघरातली माझी करवंटी उचललीत आणि थेंबाखाली ठेवलीत. भरली की तेल परत डब्यात ओतायचं. झालं काम. मला ते बिलकूल पटलं नाही. घरात पाहुणे येणार, आणि मडमेच्या यंत्राखाली काळ्या तेलाची करवंटी. कोणाच्या तरी म्हाताऱ्या सासऱ्याच्या खाटेखाली ठेवतात तशी. आपण त्यावर किती भांडलो. तुम्ही म्हणायचात, "थेंब म्हणजे तब्येत." मी म्हणायची, "थेंब म्हणजे अर्धवट काम." दोघांनाही मजा यायची, म्हणून भांडण संपवलं नाही.

आता गाळलेला तुकडा.

पोशा नाखवाने होडीला इंजिन बसवायचं ठरवलं होतं. आपल्या किनाऱ्यावरचं पहिलं. इंजिन चालवायला माणूस हवा होता, आणि सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं होतं. नवीन लग्न झालं होतं तुमचं. मंजुळाने कोनाडा सारवून तुमच्या हत्यारांना जागा केली होती. नाखवा म्हणाला होता, गजाने मडमेचं यंत्र उभं केलंय म्हणतात, आधी ते चालताना बघतो. तुमचं गावात राहणं त्या एका दुपारवर होतं. तुम्ही त्यांना आणायला कोळीवाड्यात गेलात. जाताना मला म्हणालात, "वहिनी, फक्त पिंपात पाणी भरून ठेवा. बाकी कशाला हात नको."

मी पाणी भरलं. पडवी झाडली. रांगोळी काढली, यंत्राभोवतीसुद्धा. मग करवंटीकडे लक्ष गेलं. नाखवीण येणार. तिच्या घरी एवढी लखलखीत भांडी. तिने वाकून बघितलं तर काय म्हणेल? आमच्या भाऊजींना गळती थांबवता आली नाही म्हणेल. ह्या कल्पनेने त्या अठ्ठावीस वर्षांच्या शहाणीला इतकं वाईट वाटलं की तिने तुमच्या पिशवीतून पाना काढला, आडवी झाली आणि नट आवळला. पाव फेरा. थेंब पडतच होता. आणखी पाव. मग दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून. पाना पिशवीत, करवंटी चुलीमागे. फरशी कोरडी ठणठणीत. उठून तिने आरशात बघून केस सारखे केले.

तुमची लाज राखायला केलं हो मी. हे कोणाला सांगितलं तर खरं वाटेल?

पुढचं सगळं गावाला पाठ आहे. नाखवा आला, नाखवीण आली, मागून अर्धा कोळीवाडा. मला तेवढ्यावर थांबता आलं का? मी नाखवाच्या खांद्यावरचं नवं कोरं उपरणं मागून घेतलं. "बघा कसं निघतं," म्हणत पिंपात टाकलं. तुम्ही दणका दिलात. इंजिन एका झटक्यात सुरू. रवी घुमायला लागली, फेस वर आला, नाखवीण तोंडाला पदर लावून बघत राहिली. तुम्ही सहज खाली नजर टाकलीत.

ती नजर मी बघितली आहे, भाऊजी. तुम्ही करवंटी शोधत होतात. ती नव्हती. मग तुम्ही कान दिलात. मग माझ्याकडे बघितलंत. मी त्या वेळी नाखविणीला साबण दाखवत होते.

तुम्ही इंजिन बंद करायला वाकलात तेवढ्यात जळका वास आला, किंचाळल्यासारखा आवाज झाला, डब्यात काहीतरी तटकन तुटलं आणि सगळं यंत्र एकदा उडी मारून गप्प झालं. डबा फुटला होता. पिंपाच्या बुडातून, मधल्या दांड्याजवळून काळं तेल वर आलं. नाखवाने उपरणं बाहेर काढलं. ते पिळायची कोणाची हिंमत झाली नाही.

"गजा," नाखवा म्हणाला, "हितं बंद पडलं तं आपुन चालत घरी जातो. दर्यात बंद पडलं तं कुटं जायाचं?"

तुम्ही म्हणालात, "खरंय, नाखवा." एवढंच.

मी तोंड उघडलं असतं तर? एक वाक्य होतं. पण तिथे सगळे होते, नाखवीण होती, हे होते, आणि मी सातवी पास होते. मी आत जाऊन भांडी घासायला लागले. घासलेलीच.

आठ दिवसांनी तुम्ही लाँचने मुंबईला गेलात. गोदीतल्या कारखान्यात लागलात. वर्षाने मंजुळाला नेलंत, डोंगरीला एका खोलीत. नाखवाच्या होडीवर उरणचा माणूस आला. मंजुळाने सारवलेला कोनाडा रिकामा झाला, त्यात आता पणती असते.

मग सतरा वर्षं, गणपतीला आणि शिमग्याला, पाहुण्यासारखे येत राहिलात. पडवीत पाय ठेवला की पहिलं वाक्य ठरलेलं.

"काय वहिनी, थेंब पडतो ना?"

कधी गळक्या कौलाकडे बघून. कधी रांजणाकडे. एकदा मला सर्दी झालेली तेव्हा माझ्या नाकाकडे बघून. पोरं हसायची. मीही ठोसा परतवायची. "तुमच्या गोदीत पडा म्हणावं त्याला," म्हणायची, "आमच्याकडे सगळं कोरडं." तुम्ही हसून चपला काढायचात. मला वाटायचं, बोचतात. मुद्दाम आठवण करून देतात, त्यांना संशय आहे आणि मला टोचून मजा बघतात. दर वेळी दोन दिवस मी तुमच्यापुढे चहाचा कप जरा आपटूनच ठेवायची.

शेवटच्या शिमग्याला तुम्ही थकलेले दिसलात. मी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, "थेंब पडतो ना?" आणि मी काहीच बोलले नाही, नारळ खवत राहिले. तुम्ही जरा वेळ उभे राहिलात. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग आत गेलात.

तो जरा वेळ मला आता सोडत नाही.

म्हणून काल सकाळी उठून तडक नाखवाकडे गेले. पिंडासमोर बोलता आलं नाही ते निदान त्याच्यासमोर बोलावं म्हणून. नाखवा अंगणात जाळं पसरून बसला होता. दिसतं कमी, पण बोटांना सगळं दिसतं.

"नाखवा, त्या यंत्राचं बोलायला आले."

"कंच्या?"

"ज्यात तुमचं उपरणं काळं झालं."

तो हसला. "हाय अजून ते. होडीचं इंजिन पुसाया घेतो. बस की, माळीणबाय."

मी बसले नाही. बसले असते तर न बोलताच उठून आले असते. "पाना मी फिरवला होता. तुम्ही यायच्या आधी. भाऊजींचं काम चोख होतं. त्यांना इंजिन येत होतं, नाखवा."

त्याची बोटं थांबली नाहीत.

"मना ठाव हाय."

"कोणी सांगितलं?"

"गजानंच. दुसरे रोजी आलता. तू म्हनतेस तसंच बोलला, पाना वहिनीनं फिरवला. मी बोललो, मंग झालं, तुजी चूक न्हाय, ये तू कामाला. तर न्हाय म्हनला."

मी विचारलं, "का?"

"बोलला, नाखवा, घरातल्या एका मानसाला थेंब कशाला पडतो ते मना पटवता आलं न्हाय. होडीवर सात मानसं. उद्या दर्यात माजा डोला लागला आनी त्यातल्या कुनी चांगल्या मनानं पाना फिरवला तं? म्या आदी मानसांना सांगाया शिकतो, मंग इंजिन घेतो." नाखवाने जाळ्यातली गाठ दाताने ओढली. "आनी मना शपत घातली. वहिनीला कलता कामा न्हाय म्हनून. तो हाय तवर मी गप र्‍हायलो. आता तो न्हाय."

"सतरा वर्षं, नाखवा?"

"व्हय. तूबी तं सतराच र्‍हायलीस."

येताना किनाऱ्याकडून लांबच्या वाटेने आले.

भाऊजी, हे तुमचं चुकलं. चांगलं चुकलं. तुम्ही समजावण्यात कमी पडला नव्हता. मला सगळं समजलं होतं. थेंब, दोरी, दांडा, सगळं. तुमच्या अंगठ्याच्या हालचालीसकट पाठ होतं. समजलं होतं आणि तरी मी आवळलं, कारण लोक काय म्हणतील ह्याचं भय तुमच्या शिकवण्यापेक्षा मोठं होतं. त्याला कोणता गुरू काय करणार? माझ्या खोडीसाठी तुम्ही स्वतःला नापास केलंत. आणि हे भांडायला समोर आहात का, तर नाही. गेलात. ह्या खेपेला भांडण मजेचं नव्हतं, म्हणून संपवायला हवं होतं.

आणि तो तुमचा प्रश्न. पडवीतला. तो टोचणी नव्हता ना? दर वेळी तुम्ही मला बोलायला जागा करून देत होतात. वर्षातून दोनदा. आणि मी कप आपटत होते. मंजुळाला तर तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, ह्याचा अंदाज मला काल आला. तेही माझ्यासाठी ठेवलंत. हे आभाराचं की रागाचं ते मला अजून ठरवता येत नाही, दर तासाला बदलतं.

काल संध्याकाळी मंजुळापुढे बसले. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, रांगोळीपासून नाखवापर्यंत. काही गाळलं नाही. म्हटलं, तुझा कोनाडा मी मोडला. तुला डोंगरीच्या खोलीत मी पाठवलं. आता सूप माझ्या डोक्यात घातलंस तरी चालेल.

तिने एक खडा काढून बाजूला टाकला.

"म्हणजे त्यांना येत होतं," ती म्हणाली.

"येत होतं."

"मी इतकी वर्षं समजत होते, ह्यांना आलं नाही म्हणून आपण गाव सोडलं. कधी बोलले नाही तोंडाने. पण समजत होते." सूप तिने जरा हलवलं. "त्यांनाही कळत असेल, मी तसं समजते ते."

मी सुपातला एक खडा काढला.

"वहीत लिहिणार म्हणतेस ते, संपलं की वाचून दाखव," ती म्हणाली. "आणि गावात कुणी त्या यंत्रावर हसलं तर त्यांनाही दाखव." मग उठून तांदूळ धुवायला गेली. माझ्याशी नीट बोलली, पण माझ्याकडे बघून नाही. ते बरोबरच आहे. मी वाट बघेन.

यंत्र अजून मागच्या पडवीत आहे. पिंपात कोंबड्या अंडी घालतात, रुळांवर कारली वाळतात. आज सकाळी मी खाली आडवी झाले. पंचेचाळिशीत आडवं होणं सोपं, उठणं अवघड, नातीने हात दिला तेव्हा उठले. नट तसाच आहे, गंजून एकजीव झालेला. मी पाना लावून बघितला. हलला नाही. दोन्ही हातांनी लावला, पाय भिंतीला लावून. नाहीच हलला.

तुमची करवंटी मी सतरा वर्षं चुलीमागे ठेवली होती, मीठ ठेवायला. आज मीठ काढलं, पुसली, आणि जिथे होती तिथे नेऊन ठेवली. नात म्हणाली, "आजी, ह्यात काय पडणार?"

मी म्हटलं, काही नाही. असू दे.